शंकररावांचा अखंड पहारा

या, जवळ सरका. गुडघे दुखत असतील त्यांनी भिंतीला टेका, पण कान इकडे असू द्या. सोनाळ्याच्या अंगाला आमचं गाव, तिथल्या यंदाच्या सप्ताहाची गोष्ट सांगतो.

सप्ताहात वीणा जमिनीला टेकत नाही. एकाने दोन तास उभं राहून पहारा द्यायचा, मग वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. इतका साधा नियम. पण नदीपलीकडच्या गावाने पंगतीत जिलबी वाढली आणि आमची माणसं तिकडे वळली. समितीचे अध्यक्ष गोकुळभाऊ नुकतेच बुलडाण्याहून उद्योजकतेचं प्रशिक्षण घेऊन आले होते. तातडीची सभा झाली. ठराव क्रमांक एक : प्रतिस्पर्ध्याकडे नाही असं काहीतरी आपल्याकडे असावं.

त्यानुसार पहाऱ्याच्या बारापैकी अकरा जणांच्या सेवा वर्ग करण्यात आल्या. चौघे रबडी आटवायला, तिघे ड्रोन उडवायला आणि बाभळीतून काढायला, चौघे पलीकडच्या मंडपातली डोकी मोजायला. उरले एकाहत्तर वर्षांचे शंकरराव. सकाळी सहाला त्यांनी वीणा घेतली. दुपारचे दोन वाजले.

"गोकुळ, माहा बदली कुठी हाय बे? मले लघवीले जा लागते."

"काका, पाच मिनिटं. तुमचा बदली पंजाबराव तिकडं डोकी मोजून राह्यला."

"माहं डोकं कोन मोजते?"

त्यांची बायको रुक्मिणीबाई भाकर घेऊन आली. पाहते तर नवरा सकाळच्याच जागी उभा.

"आना इकडं, मी धरतो वीणा," ती म्हणाली.

"काकू, यादीत बायाची तरतूद नाही," गोकुळभाऊ नम्रपणे म्हणाले.

शंकररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. 'भक्तीचे अश्रू' तासाभरात जळगाव जामोदपर्यंत पोचले आणि मंडप तुडुंब भरला.

"सापडलं आपलं वेगळेपण!" गोकुळभाऊ म्हणाले. ठराव क्रमांक दोन : शंकररावांची वीणा कोणीही घेऊ नये.

संध्याकाळी पलीकडच्या गावाने पंच्याहत्तर वर्षांचा माणूस उभा केला. लगेच ठराव क्रमांक तीन : ऐंशीच्या वरचा शोधावा; तोवर शंकररावांना हलवू नये.

मंडळी, तो व्हिडिओ तुम्हीही पाहिलात. हात जोडलेत, अंगठा दिलात, चार ठिकाणी पाठवलात. आता नाम घ्याल तेव्हा शंकररावांची आठवण ठेवा. ते अजून उभे आहेत, आणि तुमचे दोन्ही हात मोकळे आहेत.