तात्यासोंच्या होडीची पूजा

लेक रुचिता सासरी गेली आणि शाहूपुरीतल्या तात्यासोंच्या घरातला आवाजच गेला. त्रिशलाकाकूंचं दिवसाचं बोलणं दोन वाक्यांवर आलं. ‘वाढू का?’ आणि ‘लाईट घालवा.’ गुळाचे सौदे तोंडानं न बोलता, रुमालाखाली बोटं दाबून करण्यात तात्यासोंचा जन्म गेलेला. बायकोला बोलतं कसं करावं, हे त्यांना कुठनं कळणार?

म्हणून त्यांनी होडी घेतली. साधीसुधी नव्हे, कॅटामरान! दोन लांबट पोकळ होड्या, मधे जाळी, वर शीड. मालवणला जाऊन चालवायलाही शिकून आले.

“अवो, ह्या वयात?” काकू म्हणाल्या खऱ्या, पण नवी साडी नेसून कळंब्याच्या तलावावर आल्या. तात्यासोंचा ऊर भरून आला.

आता कोल्हापुरात नवी गाडी पूजेशिवाय हलत नाही, मग होडी कशी हलेल? हार घातला, नारळ फोडला, दोन्ही होड्यांखाली लिंबू ठेवलं.

“उदबत्ती कुठं खोचू? वाऱ्यानं पडाय लागलीया,” काकूंनी विचारलं.

तात्यासोंनी शोधलं. प्रत्येक होडीच्या मागच्या टोकाला, खाली, एक बूच होतं. कंपनीवाल्यांनी काय सोय केलीय! बुचं काढून खिशात टाकली, भोकांत उदबत्त्या खोचल्या. (मालवणात बुचांबद्दल काहीतरी सांगितलं होतं. तेव्हा हे शिडाबरोबर सेल्फी काढत होते.)

होडी पाण्यात गेली, शीड फुगलं. काकूंनी भीतीनं चक्क त्यांचा दंड धरला. असं सुख तात्यासोंना कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

मग होडी मागनं खाली बसायला लागली.

“जरा पुढं सरक की.”

“म्हंजे? मी जड हाय व्हय?”

“तसं न्हाय गं...”

“मग कसं?”

तेवढ्यात पाणी जाळीवर आलं. खिशातली बुचं मांडीला टोचली आणि तात्यासोंच्या डोक्यात उजेड पडला. “बुडालो! वाचवा!” अंगात लाईफ जॅकेट असूनही त्यांनी शिडाच्या खांबाला मिठी मारली.

काकू गुपचूप खाली उतरल्या. वाऱ्यानं होडी काठाकाठानंच फिरवली होती. पाणी गुडघ्याएवढं.

त्यांनी पाण्याकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं आणि हसत सुटल्या. आधी तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून. तात्यासोंना आनंदानं रडूच यायचं बाकी राहिलं. रुचिता गेल्यापासून हे हसू त्यांनी ऐकलंच नव्हतं.

संध्याकाळी फोन सुरू झाले. “रुचिता, पाणी एवढंसं, आन् तुझे पप्पा म्हणत्यात वाचवा!” मग मावशी, मग शेजारीण. दर फोनला तलावाचं पाणी उतरत होतं. बिद्रीच्या थोरल्या बहिणीपर्यंत, म्हणजे आक्कांपर्यंत, ते घोट्यावर आलं. तात्यासो रिकाम्या ताटापुढं बसून ऐकत होते.

“आता परत कवा बुडणार हाईत?” आक्कांनी स्पीकरवरनं विचारलं.

नवऱ्याकडं बघायचीही तसदी न घेता काकू म्हणाल्या, “ह्या रविवारी. समद्यास्नी घेऊन ये, आक्का. धपाट्यांचा डबा मी आणते, काठावर बसून निवांत बघू.”