मानाची जोडी आणि मुकी गाडी

माझ्या वीरेंद्रची एक खोड लहानपणापासून गेली नाही. विचारलं की गप्प बसेल, आणि कोणी विचारलेलं नसताना तासभर बोलेल. शाळेत मास्तरांनी मारून पाहिलं, घरी मी मारून पाहिलं. आता तो नागपुरात प्लॉट विकतो, बेचाळीस वर्षांचा झाला, घरात सून आली, म्हणून मारणं सोडलं. बोलणं सोडलेलं नाही.

यंदा त्यानं ऐन पटाच्या तोंडावर गाडी बदलली. कोणाला न विचारता.

दिघोरीच्या शंकरपटात पहिली बैलजोडी आमच्या घरची सुटते. माझ्या सासऱ्यांपासूनचा हा मान. मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी होती तेवढी वर्षं सोडली, तर एकदाही चुकला नाही. अट एकच. झेंडा पडल्यावर मिनिटाच्या आत जोडीनं रेघ सोडली पाहिजे. नाही सोडली तर मान दुसऱ्या घरी जातो. दुसरं घर म्हणजे भैय्यालालचं. तो कित्येक वर्षांपासून फेटा इस्त्री करून ठेवून आहे.

बंदी उठली ती अटी घालून. बैलाला काठी मारायची नाही, टोचायचं नाही. बरोबरच आहे ते. पण मग बैलाला पळ म्हणून सांगायचं कसं? गावात कोणी शिट्टी लावली, कोणी तेलाचा डबा वाजवला. आमच्याकडे वीरेंद्रची लाल गाडी होती. बुटकी, दोन दारांची, तिसऱ्या हातची, मागची नळी कापून आवाज वाढवलेली. माझ्या पोराला दारूचा शौक नाही, पत्त्यांचा नाही. गाडी पळवायचा आहे. ती गाडी गावाबाहेरच्या पुलावर आली की गोठ्यात बैल उभे राहायचे. दर रविवारी तो ती छकडीमागे लावून जागच्या जागी गुरगुरायला लावायचा, आणि आमचे भुऱ्या-वजीर सुटायचे. सहा महिन्यांत त्यांचं पक्कं झालं. गाडी गुरगुरली की पळायचं, नाही गुरगुरली तर उभं राहायचं. पंचांना मी स्वतः विचारून आले. ते म्हणाले, आवाजाला बंदी नाही, गाडी दोरीबाहेर ठेवा.

पटाच्या आदल्या दिवशी मी अंगणात तांदूळ पाखडत बसले होते. वळून पाहते तर एक पांढरी गाडी माझ्या पदराला लागून उभी. कोंबड्यांनाही पत्ता नाही.

"आई, कशी हाय?" आतून वीरेंद्र.

"आली कवा? ढकलत आणली का?"

"हायब्रीड हाय आई. बॅटरीवर चालते अन पेट्रोलवरही चालते. कवा कायवर चालाचं, थे गाडीच ठरवते."

"मंग तू कायले बसतं तिच्यात?"

हायब्रीड मला माहीत नाही असं नाही. धानाचं हायब्रीड आमच्या बांधीत येऊन गेलं. पोती भरली, खोटं कशाला बोलू. पण भाताला वास नव्हता, आणि त्याचंच बी राखून पुढच्या वर्षी पेरलं तर एक लोंबी गुडघ्याला, एक कमरेला.

त्यानं मला तलावाच्या पाळीपर्यंत फिरवलं. "आता पाहा पिकअप," म्हणाला, आणि माझं डोकं मागं आपटलं, अंबाडा सुटला. पळाली. लाल गाडीपेक्षा जास्त पळाली. पण पळते आहे असं वाटेना. झाडंच मागं पळत होती, आम्ही बसून होतो. वीरेंद्र पाय दाबायचा आणि कान तिरपा करायचा, पाहुणे मुलीबद्दल काही बोलतात का म्हणून वाट पाहणाऱ्या बापासारखा.

"लाल गाडी कुठं हाय?" मी विचारलं.

गप्प.

"वीरेंद्र, मी का विचारून राहिली?"

"देली. बदल्यात."

"अन उद्याचा पट?"

"हे बी बोलते ना आई! स्पोर्टचं बटन हाय. दाबलं का बोलते."

"आता बोलव."

"आता बॅटरी फुल हाय. उद्या बोलते."

मागं माझी सून मनाली बसली होती. ती म्हणाली, "आई, लीटरले पंचवीस जाते."

"थे बैलाले सांगजो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मैदान माणसांनी भरलं. रेघेवर आमची जोडी उभी, शिंगांना गोंडे, अंगावर झूल. छकडीत आमचा धुरकरी धनीराम, कासरा आवळून. मागं दोरीबाहेर पांढरी गाडी. भोंग्यावर बाबुलाल ओरडला, "मानाची जोडी, धुरपताबाईच्या घरची!" झेंडा पडला.

वीरेंद्रनं पाय दाबला. काही नाही. बटन दाबलं, पाय दाबला. गाडीतला पडदा लाल झाला, आवाज मात्र झाला नाही. भुऱ्यानं मान वळवून गाडीकडे पाहिलं. वजीरनं पाहिलं. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि भुऱ्या रवंथ करायला लागला.

"हाऽ हाऽ! चाल रे बाप्पा!" धनीराम विनवत होता.

"बोलव ना रे तिले!" मी ओरडले.

"उभ्या उभ्या नाही बोलत वाटते, आई!"

"मानाची जोडी विचार करून राहिली," बाबुलालनं भोंग्यावरून सगळ्या तालुक्याला सांगितलं.

मिनिट झालं. पंचांनी हात वर केला. सासऱ्यांपासूनचा मान गेला. मी डोळ्यांत पाणी आणलं नाही; भैय्यालाल समोर होता.

तो आलाच. फेटा बांधूनच आला होता. "काकू, मनाले लावून नोका घेऊ. बैल लई संस्कारी हायेत. कोणी हुकूम देल्याबिगर हालत नाहीत."

"तुह्या घरी थेच कमी हाय," मी म्हटलं.

मान बदलायची आमच्याकडे एक रीत आहे. नवा मानकरी जुन्या घरच्या छकडीत बसतो, कासरा हातात घेतो. पंच नारळ फोडतात. नारळ फुटला की मान त्याचा. धनीराम खाली मान घालून उतरला. भैय्यालाल चढला, गळ्यात हार, छातीवर फेट्याचा शेमला. मोबाईलवाल्याला म्हणाला, "बैल बी येऊ दे फोटोत." पंच नारळ धुवायला पाणी शोधू लागले.

इकडे ऊन लागतं म्हणून मनाली काचा लावून गाडीत बसली होती, एसी सुरू करून. बटन तसंच दाबलेलं होतं. ती गाडी बंद आहे की चालू, हे बाहेरून कळतच नाही. आत बॅटरी उतरत गेली. आणि पंचांनी नारळ उचलला त्याच वेळी गाडीनं आपल्या मनानं ठरवलं की आता पेट्रोल.

लाल गाडी गुरगुरायची. हिनं डरकाळी फोडली.

भुऱ्या-वजीर काल रात्रीपासून तिचीच वाट पाहत होते. छकडी दिसली नाही, धूळ दिसली. धुळीतून भैय्यालालचा आवाज आला, "काकूऽऽ!" शेमला पताकेसारखा आडवा झाला होता. घड्याळवाल्यानं सवयीनं कळ दाबली. पलीकडच्या टोकाला तणसाच्या ढिगात छकडी थांबली तेव्हा भोंग्यावर बाबुलालचा आवाज बसला होता. "आठ सेकंद... अन वरते थोडसं." संध्याकाळपर्यंत त्याच्या खाली कोणाची जोडी आली नाही.

पंच नारळ हातात धरून उभे. नारळ फुटला नव्हता, म्हणजे मान अजून आमचाच, असं एक म्हणाला. मिनिट उलटलं होतं, असं दुसरा म्हणाला. तेवढ्यात दोन पोरांच्या खांद्यावर हात टाकून भैय्यालाल आला. केसांत तणीस, हारात फुलं नाहीत, नुसता दोरा. त्यानं पंचांच्या हातून नारळ घेतला आणि माझ्या ओटीत ठेवला.

"काकू, तुमचा मान तुमच्याचपाशी राहू द्या. माह्या घरी लहान लहान लेकरं हायेत."

वीरेंद्र गर्दीतून हसत आला. "पाह्यलं का आई? मी म्हटलं होतं ना, बोलते म्हणून!"

मी नारळ पदरात बांधला. भुऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो अजून थरथरत होता. मग पोराकडे पाहिलं.

"हे गाडी तुह्याच वळणावर गेली, वीरेंद्र. विचारलं त चूप, अन कोणी विचारलं नाही तवा बोंबलते. पळते चांगली, ठेव तिले. पर दुसरी घेशीन तवा मले नोको विचारू. भुऱ्याले विचार."