सातच्या बातम्यांतला बुटका

छबूबाई साळवे यांनी करणचा व्हिडिओ गेम भंगारात द्यायचा म्हणून माळ्यावरून काढला आणि देण्यापूर्वी चालतो की नाही एवढं बघावं, म्हणून टीव्हीला जोडला. तिथंच बिनसलं.

करण आता पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. दिवाळीला आला तेव्हा म्हणाला होता, "टाकून दे आई ते. असले चपटे गेम आता कुणी खेळत नाही. नव्या गेममधला माणूस चहूबाजूंनी फिरतो, अगदी खऱ्यासारखा."

छबूबाईंना तो चपटा माणूसच आवडला. पिवळ्या सदऱ्याचा बुटका. डावीकडून निघायचं, उजवीकडे जायचं, खड्डा आला की उडी मारायची. मागं फिरायची सोयच नव्हती. साळवे गुरुजी गेल्यापासून दिवेलागणीला घर खायला उठायचं. बुटक्याच्या नादात ती वेळ निघून जाऊ लागली. भंगारवाला दोनदा दारावरून गेला, पण त्यांनी हाक मारली नाही.

मात्र ही गोष्ट बाहेर कळून चालणार नव्हती. बेलापुरातल्या कितीतरी पोरांच्या हातातले गेम छबूबाईंनीच वर्गात हिसकावून घेतले होते. "असल्या खेळांनी डोक्याचं खोबरं होतं," हे त्यांचं वाक्य गावात पाठ होतं. म्हणून त्या दार लावत, आवाज बंद करत आणि मग बुटक्याला पळवत.

चूक एकच झाली होती. गेमची वायर कुठं लावायची ते न कळल्यामुळं त्यांनी ती अँटेनाच्या वायरीलाच पिळून टाकली होती.

चार दिवसांनी शेजारचा गोरक्ष आला. तो किराणा दुकानदार आणि त्यांचा जुना विद्यार्थी.

"बाई, तुमच्या टीव्हीत बी बुटका येतो का?"

पाखडता पाखडता छबूबाईंच्या हातातलं सूप जागीच थांबलं. "कसला बुटका?"

"पिवळ्या सदऱ्याचा. सातच्या बातम्या लागल्या की येतो. बातम्या देणाऱ्या बाईच्या तोंडावरनं उड्या मारतो. पल्याड पुंजाराम तात्याच्या टीव्हीत बी तेच. त्यांचा पाय मोडलाय, दिसभर टीव्हीम्होरं बसून असत्यात. कोन तरी गल्लीतच खेळतंय बगा."

"असेल कुणीतरी."

"खेळतंय त्ये बी धड न्हाई. रोज त्याच खड्ड्यात पडतंय. माकडाला शिकवलं असतं तर एवढ्यात पार गेलं असतं."

"खड्डा रुंद असेल," छबूबाई जरा तुटकपणे म्हणाल्या.

"रुंद कशाचा? तुमी शिकलेल्या हायेत बाई. तुमीच छडा लावा."

छबूबाईंनी बघते म्हणून सांगितलं आणि तो गेल्यावर कपाळावरचा घाम पुसला. आपलं चित्र अँटेनातून शेजारी कसं जातं, ते त्यांना उमगेना. संध्याकाळी खेळायचं नाही असं ठरवून त्यांनी माळ जपली, भाकरी केली, जेवल्या. घरात घड्याळाशिवाय कुणी बोलेना. शेवटी त्यांनी टीव्हीचा उजेड अगदी कमी केला, म्हणजे शेजारीही अंधूकच दिसेल असा अंदाज बांधला आणि खेळायला बसल्या.

शेजारी बुटका लख्ख दिसला.

दुसऱ्या दिवशी गोरक्षनं स्वतःच छडा लावला. त्याच्या माडीवर चेतन नावाचा कंपाउंडर भाड्यानं राहायचा. एकटाच, अबोल, आणि खोलीत टेपरेकॉर्डरच्या वायरी पसरलेल्या. एवढं पुरेसं होतं. "सकाळपातुर खोली मोकळी कर," गोरक्षनं फर्मावलं.

सकाळी छबूबाईंनी अंगणातून पाहिलं, तर चेतन आपली ट्रंक जिन्यावरून उतरवत होता. तो त्यांना रोज मान झुकवून नमस्कार करायचा. आजही त्यानं ट्रंक खाली ठेवून केला. छबूबाईंना तो नमस्कार घेववेना. त्या तशाच गोरक्षच्या दुकानात गेल्या.

"गोरक्ष, तो बुटका माझा आहे."

गोरक्षनं तराजू खाली ठेवला. त्याचे डोळे पाणावले. "बाई, तुमचं मन लई मोठं. पोराची दया आली म्हून आळ अंगावर घेताय."

"अरे, खरंच मी खेळते."

"तुमी? माझा गेम तुमीच चुलीत घातला हुता."

शेवटी छबूबाईंनी त्याला आणि चेतनला घरी नेलं. टीव्ही लावला, गेम लावला आणि चष्मा सावरून बसल्या. बुटका निघाला. तो खड्डा आला. छबूबाईंनी बटण दाबलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बुटका अलगद पलीकडं उतरला.

"बगा," गोरक्ष म्हणाला. "तुमी न्हाईतच. त्यो हमखास पडतो."

छबूबाईंना हसावं की रडावं ते कळेना. तेवढ्यात पलीकडच्या घरातून पुंजाराम तात्यांचा खणखणीत आवाज आला. "ए गोरक्षा, टीव्ही लाव रं. आज बुटका पार झाला."

गोरक्ष छबूबाईंकडं बघतच राहिला. चेतननं टीव्हीमागं डोकावून पिळलेल्या वायरी सोडवल्या आणि गेमची वायर नीट वेगळी जोडून दिली. "आता फक्त तुम्हालाच दिसेल, बाई." गोरक्षनं त्याची ट्रंक स्वतः उचलून माडीवर नेली.

त्या संध्याकाळी गल्लीत बातम्या स्वच्छ दिसल्या. छबूबाई दार लावून बसल्या, पण एका खड्ड्यापलीकडं त्यांचं मन लागलं नाही. त्यांनी लवकरच टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी पुंजाराम तात्या काठी टेकत आले. शेजारी असून ते या घरात कधी आले नव्हते. ते ओट्यावर बसले आणि पाणी प्याले.

"बाई, ती वायर पयल्यासारखी लावता का?"

"कशाला?"

"पोरं मळ्यात, वस्तीवर ऱ्हात्यात. बातम्यांत समदी लांबची मानसं. बुटका कसा, आपल्या गल्लीतला हुता. त्यो पडला की वाटायचं, आता उद्या बगू." त्यांनी काठी हातात घेतली. "गोरक्षाची काळजी करू नका. त्याचीच बायको म्हनली, इचारून या. फकस्त बातम्या झाल्यावर लावा."

छबूबाईंनी बघते एवढंच सांगितलं.

बातम्या संपल्यावर त्यांनी वायरी पुन्हा पिळल्या. मग तोंड धुतलं, केस विंचरले, इस्त्रीची साडी नेसली आणि गेम चालू केला.