दासीला टँकर मिळावा

ज्या वर्षी शहराला पाणी पुरवणाऱ्या हर्सूल तलावाचा तळ दिसू लागला आणि मुकुंदवाडीच्या पुढे 'लेक व्ह्यू' नावाच्या इमारती उभ्या राहू लागल्या, त्या वर्षी आमच्या सोसायटीतल्या यमुनाबाई चिनी मालिका पाहू लागल्या. नळ आठवड्यातून एकदा, तोही स्वतःच्या मर्जीने येई. त्याची वाट पाहणाऱ्या माणसाला दुसरं काहीतरी पाहावंच लागतं. सून मृण्मयीने फोनवर हिंदीत बोलणारी एक चिनी मालिका लावून दिली, आणि महिन्याभरात सासूबाई त्या साम्राज्याच्या रहिवासी झाल्या.

शेजारच्या वहिदाबी शिवणकाम घेऊन सोबतीला बसत. दोघींची निरीक्षणं गंभीर होती. नायक दहा हजार वर्षांचा असतो, तरी त्याला मिशी फुटलेली नसते. नायिकेने केस वर बांधले की ती पुरुष होते, आणि अख्ख्या दरबाराला पत्ता लागत नाही. ती घसरली की जमिनीपर्यंत पोचायला तिला अर्धा भाग लागतो; तोवर नायक पलीकडच्या डोंगरावरून उडत येऊन झेलतो. विष प्यायलेला माणूस ओठाच्या कोपऱ्यातून बेताने रक्त काढतो, पांढऱ्या झग्यावर डाग पडू देत नाही. आणि जिकडेतिकडे पाणी. धबधबे काय, कमळांची तळी काय.

"काकू, इत्ता पानी! और कोई घागर बी नै लगाता," वहिदाबी हळहळत.

"बासरी वाजवत उभा राहिलाय मेला," यमुनाबाई म्हणत. "आधी मोटार लाव म्हणावं."

अशात वहिदाबींच्या आमरीनचा निकाह ठरला. मुलगा लासूर स्टेशनचा. लग्नघरी टँकर हवा, म्हणून आम्ही सोसायटीचे लोक टंचाईसाठी उघडलेल्या 'जलसमन्वय कक्षा'त गेलो. तिथले प्रमुख पुंजाराम साहेब मान खाली घालून फोन पाहत होते. आम्ही बोललो, विनवलं, आवाज चढवला. साहेबांची मान काही वर झाली नाही. यमुनाबाईंचे गुडघे मुळात अधू. उभं राहून राहून त्यांनी दगा दिला, बाई फरशीवर बसल्या, आणि मालिकेच्या सवयीने तोंडून निघालं, "महाराज, दासीचा अपराध पोटात घाला!"

साहेबांनी मान वर केली. त्यांच्या फोनमधून बासरीचे सूर येत होते.

"हे कोल्ह्याच्या राजकन्येचं का?" त्यांनी विचारलं.

"नाय महाराज. ढगावरच्या राजपुत्राचं."

"शेवट सांगू नका. उठावं. टँकर मंजूर."

दुसऱ्या दिवशी टँकर खरोखर आला. बातमी पसरायला वेळ लागला नाही. आठवडा संपायच्या आत कक्षासमोर सतरंजी अंथरली गेली आणि 'अर्जदारांनी गुडघे टेकूनच बोलावे' अशी पाटी लागली. शिपाई कडुबा प्रत्येकाचं नाव लांबवून पुकारू लागला. नुसते गुडघे टेकणाऱ्याचं प्रकरण विचाराधीन राही, कपाळ टेकणाऱ्याचं पुढे सरके. निवृत्त प्राध्यापक व्यंकटराव गुडघेबदल शस्त्रक्रियेचं प्रमाणपत्र घेऊन आले, तेव्हा त्यांना सवलत म्हणून बदली माणूस आणायची परवानगी मिळाली. नव्या जलवाहिनीचं काय, असं कुणीतरी विचारलं. साहेब खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "खरे प्रेमिक तीन जन्म थांबतात." सतरंजीवरच्या काही बायकांनी डोळे टिपले.

निकाहाच्या दिवशीचा टँकरही कपाळं टेकून आमच्या नावावर पक्का झाला होता. पण सकाळीच पलीकडच्या सोसायटीचे सांडूभाऊ कक्षात शिरले, छाती धरून कोसळले आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाल धार काढली. ती पानाची होती हे कडुबालाही दिसलं. पण अभिनय पाहून साहेब हेलावले, आणि टँकर तिकडे वळला.

इकडे मांडवात बिर्याणी शिजून तयार, पाहुणे तहानलेले. वहिदाबी रिकाम्या पिंपाला टेकून बसल्या. "इत्ते बार माथा टेके काकू," त्या म्हणाल्या, "अब लडकेवालों को क्या मुंह दिखाऊं?" तेवढ्यात वरात आली. नवऱ्या मुलाच्या गाडीपुढे घोडा नव्हता, बँड नव्हता, टँकर होता. मुलाच्या वडिलांनी लासूरहून, शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी भरून आणलं होतं. "शहरातली सोयरीक व्हय," ते म्हणाले. "म्हटलं, पाणी आपलंच न्यावं." वहिदाबी मनसोक्त रडल्या. आम्ही बादल्या घेऊन पळालो.

पुढे पुंजाराम साहेबांना बढती मिळाली. त्यांच्या जागी हिमांशू नावाचे तरुण साहेब आले. त्यांनी पाटी काढली, सतरंजी गुंडाळली आणि खुर्च्या मांडल्या. आम्ही गेलो तर उठून उभे राहिले.

"बसा काका. तुमच्याकडे व्हॉल्व्ह नादुरुस्त आहे ना? मी उद्या येऊन बघतो."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. खुर्चीवर बसून काय बोलायचं, कुणालाच सुचेना. व्यंकटरावांनी तर घाईघाईने बदली माणसाला पुढे केलं. साहेब दुसऱ्या दिवशी खरोखर आले, बाह्या सरसावून खड्ड्यात उतरले. नळाला धार लागली. लोकांनी गच्चीवरून पाहिलं आणि त्यांचा साहेबांवरचा उरलासुरला विश्वास उडाला. जो माणूस स्वतः खड्ड्यात उतरतो, त्याचं वर काय चालत असणार?

सोसायटीने एकमताने त्यांच्या बदलीची मागणी केली. एकट्या वहिदाबी मागाहून म्हणाल्या, "काकू, वो तो भला माणूस था ना?"

"भला होता गं," यमुनाबाई म्हणाल्या. "पण साहेब वाटत नव्हता."

बदली झाली. आमच्या मागणीची इतक्या तातडीने दखल घेतली जायची ही पहिलीच वेळ. आता नवे साहेब आलेत, मान खाली घालून फोन पाहतात, सतरंजी परत अंथरली गेलीय, व्हॉल्व्ह पुन्हा बिघडलाय, आणि सगळं कसं सुरळीत आहे. तुम्हाला हसू येत असेल तर खुशाल हसा. फक्त आवाज करू नका, रांगेत आमच्या मागे तुम्हीच आहात. तूर्त उभे.