तीन हजारांची गोलकीपर

फायनल सुरू व्हायला दहा मिनिटं उरली होती आणि रामहरी सकाळपासून मैदानाच्या कडेनं येरझाऱ्या घालत होता. पूर्णेच्या महिला फुटबॉल संघाचा तो सेक्रेटरी. गंगाखेडच्या संघाकडून हरलात तर पुढच्या हंगामापासून संघ बंद, असं अध्यक्षांनी कालच बजावलेलं. आणि त्याच्या खिशात होता पगाराचा कागद. अकरा पोरी, अकरा आकडे. प्रत्येकीला त्यानं बाजूला घेऊन एकच सांगितलं होतं, "सगळ्यात जास्त तुलाच द्यायलोय बरं का, कुठं बोलू नको." तीन वर्षं कुणी बोललं नव्हतं, म्हणून तर संघ चालला होता.

तेवढ्यात माइकवाल्या परमेश्वरनं खेळाडूंची यादी मागितली. यादी कुठली असायला? गडबडीत रामहरीनं तोच कागद त्याच्या हातात दिला आणि नावं तेवढी वाचा म्हणून बजावलं. पण परमेश्वरची हयात लग्नातला आहेर पुकारण्यात गेलेली. नावापुढचा आकडा गाळून वाचायचा असतो, हे त्याच्या डोक्यात शिरणार कसं?

"कुमारी संघप्रिया यांच्याकडून पंधरा हजार रुपये, मंडळ आभारी आहे," माइक गरजला. मैदानानं टाळ्या वाजवल्या. रामहरी पळत सुटला, पण गर्दीतून वाट काढेपर्यंत यादी तळाला पोचली होती. "कुमारी दिपाली, तीन हजार." टाळ्याही त्या मानानंच पडल्या.

दिपाली गोलकीपर. गावातली म्हणून सगळ्यात स्वस्त. मागच्या साली तिचं बोट मोडलं तेव्हा हळद लावून ती उभी राहिली होती, आणि नांदेडहून आणलेल्या संघप्रियाच्या गुडघ्याचा फोटो मात्र क्लबनं परभणीच्या दवाखान्यात नेऊन काढला होता. दिपालीनं आरडाओरडा केला नाही, आणि त्यामुळेच रामहरीला जास्त धडकी भरली. ती गोलमध्ये जाता जाता म्हणाली,

"काका, तिचा पगार माज्या पाचपट हाय ना? मग पाचातला एक बॉल मी अडवते. चार तुमचे."

मॅच झाल्यावर बसून बोलू, असं तो काहीबाही पुटपुटला. शिट्टी झाली.

गंगाखेडचा पहिला बॉल रांगत आला. आंधळ्यानंही अडवला असता. दिपाली पाहुण्याला वाट द्यावी तशी बाजूला सरकली, जाळ्यातून बॉल काढला आणि शांतपणे फेकून दिला. दुसरा मात्र कोपऱ्यात सणसणत आला, तर तिनं झेप घेऊन तो छातीशी धरला. लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं. ती उठून जाळ्यामागं उभ्या असलेल्या रामहरीला म्हणाली, "माजा झाला. आता तीन तुमचे."

धान्याच्या मोंढ्यात सौदा करावा तसा रामहरी जाळ्यामागून बोली लावायला लागला. पाच हजार. आठ. ती मान हलवेना, आणि तेवढ्यात दुसरा गोल झाला. जाळीत बोटं अडकवून तो दहा म्हणाला.

"आन दवाखाना?" तिनं मागं न बघता विचारलं.

"दवाखाना बी क्लबचा. पंधरा हजार आन दवाखाना. आता तरी अडव माय."

"माइकवर सांगा. कानातलं लय ऐकलं."

गंगाखेडची फॉरवर्ड पुन्हा बॉल घेऊन निघाली होती. रामहरी धोतर सावरत पळाला, परमेश्वरच्या कानाला लागला, आणि माइक गरजला, "कुमारी दिपाली, पंधरा हजार आणि दवाखाना. मंडळाला मान्य आहे." शब्द संपायला आणि दिपालीनं बॉल मुठीनं बाहेर ठोसायला एकच गाठ पडली.

रामहरीनं हुश्श केलं. वाचलो, म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं की बॉलमागं आपलं कुणीच धावत नाही. डाव्या बाजूला रेणुका बुटाची न सुटलेली नाडी बांधत बसली होती. राजेश्री कंबरेवर हात ठेवून उभी. संघप्रियासुद्धा, जिला पंधरा हजार एकटीलाच म्हणून सांगितलं होतं, ती मैदानाच्या मधोमध उभी राहून त्याच्याकडेच बघत होती. सगळी पूर्णा थांबली होती.

बॉल गंगाखेडच्या फॉरवर्डच्या पायाशी जाऊन थांबला. ठोसा मारून दिपाली अजून जमिनीवरच होती, समोर अडवायला कुणी नव्हतं. एक लाथ मारली की काम झालं, आणि रामहरीनं डोळे मिटून घेतले. बराच वेळ काही आवाज आला नाही म्हणून त्यानं उघडले. फॉरवर्डनं बॉलवर पाय ठेवला होता आणि ती आपल्या, गंगाखेडच्या सेक्रेटरीकडे वळून बघत होती. तिच्यामागं गंगाखेडच्या सगळ्या पोरी त्याच दिशेला बघत होत्या.

आतापर्यंत हसून टाळ्या पिटणारा गंगाखेडचा सेक्रेटरी धापा टाकत पलीकडून आला आणि त्यानं रामहरीपुढं हात जोडले.

"दादा," तो हळूच म्हणाला, "पायजे तर कप घेऊन जा. पर तेवढा माइक बंद करा."