सर्वेभाऊंचं तोंड आणि उजव्या ओळीचं पाणी

"गरिबाला पाणी देणं आपल्या हातात नसेल, पण पाणी कधी येणार हे सांगणं तर आहे!" हे वाक्य सर्वेभाऊंनी विद्यापीठाच्या सभागृहात अशा काही तडफेने टाकलं, की पुढच्या रांगेतल्या दोन प्राध्यापकांनी झोपेतून उठून टाळ्या वाजवल्या! त्या टाळ्यांच्या जोरावर त्यांना संशोधनासाठी एक वस्ती मिळाली, फोनवर मेसेज पाठवणारी एक यंत्रणा मिळाली आणि सहा महिन्यांची मुदत मिळाली. "सहा महिन्यांत निकाल दाखवतो, मॅडम," सर्वेभाऊ त्यांच्या मार्गदर्शक मॅडमना म्हणाले. "नाही दाखवला तर पदवीचं नाव काढणार नाही!" मॅडमनी ते मान्य केलं, आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं.

सर्वेभाऊ हे नाव अर्थातच वस्तीने ठेवलेलं. खरं नाव पुढच्यामागच्या पदव्यांसकट फार लांब होतं आणि वस्तीला तेवढी फुरसत नव्हती. कारण वस्तीचा सगळा दिवस जायचा पाण्याची वाट बघण्यात. नळकोंडाळं वळणापलीकडे, लाकडाच्या वखारीमागे. पाणी सकाळी येईल, दुपारी येईल, नाहीतर येणारच नाही. आलं तर जेमतेम अर्धा तास. ते सोडणारा पाणीवाला भला माणूस होता, पण वरून हुकूम आल्याशिवाय त्यालाही पत्ता नसे. सर्वेभाऊंनी त्याला एवढंच शिकवलं, की हुकूम आला की तो काय आहे ते टाकून फोनवर एक बटण दाबायचं. बटण दाबलं की घरोघरी मेसेज!

घरोघरी म्हणजे, फक्त डाव्या ओळीत. वस्तीत घरांच्या दोन ओळी होत्या आणि मधली गल्ली इतकी अरुंद, की डावीकडे कुणी शिंकलं तर उजवीकडून "सांभाळा" असं ऐकू यायचं. डाव्या ओळीला मेसेज द्यायचा, उजवीला द्यायचा नाही, आणि शेवटी दोन्हींच्या भरलेल्या बादल्या मोजायच्या. जो फरक पडेल तो मेसेजचा गुण. पुस्तकात असंच लिहिलं होतं.

"तुम्ही तुलनेचा गट," सर्वेभाऊंनी उजव्या ओळीला समजावलं.

"म्हणजे आम्हाला काय मिळणार?" इस्त्रीवाल्याने विचारलं.

"काहीच नाही."

"मग त्यात नवीन काय?" इस्त्रीवाला म्हणाला, आणि उजवी ओळ कामाला लागली.

पहिला मेसेज आला तेव्हा डाव्या ओळीतली शिवणवाली ताई मशीनवरून उठली, दारात उभी राहिली आणि तिने अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक दिली, "पाणी येतंय गं बायांनो, चला!" दोन्ही ओळी बरोबरच धावल्या. झालं! सर्वेभाऊंचा फरक पहिल्याच दिवशी वखारीमागे वाहून गेला.

त्यांनी ताबडतोब डाव्या ओळीची बैठक घेतली. "असं सांगत सुटलात तर फरक दिसणार नाही. फरक दिसला नाही तर मेसेज कामाचा आहे हे सिद्ध होणार नाही. सिद्ध झालं नाही तर ही सोय कायमची बंद! आत्ता थोड्या घरांचं नुकसान, पण पुढे हजारो वस्त्यांचं भलं. तेव्हा तोंडाला कुलूप!"

"समोर माझी धाकटी बहीण राहते," शिवणवाली ताई म्हणाली. "तिलाही नाही सांगायचं?"

"तिला तर मुळीच नाही!"

डाव्या ओळीने शब्द पाळला. मेसेज आला की बाया बादलीत धुणं कोंबून, जणू काही कपडे वाळत घालायला निघाल्यात अशा चालीने, एकेक करून वळणापलीकडे सटकू लागल्या. सर्वेभाऊ खूश झाले. माणसं पोटातल्या गोष्टी लपवायला इतक्या लवकर शिकतात, यावर एक निबंध लिहावा असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

पण एक पंचाईत होती. संशोधकाने लोकांमध्ये राहावं असंही त्या पुस्तकात लिहिलं होतं, आणि वस्तीत रिकामी खोली होती ती उजव्या ओळीत, काकूंकडे. काकू एकट्या. गुडघे कुरकुरणारे. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. त्यांनी सर्वेभाऊंना खोली दिली, आणि दुसऱ्या दिवसापासून दोन वेळचं जेवणही द्यायला लागल्या. "एवढं शिकलेलं पोर बाहेरचं खाऊन मरायचं," हे त्यांनी न विचारता ठरवून टाकलं होतं.

आणि यंत्रणा सर्वेभाऊंची असल्यामुळे प्रत्येक मेसेज त्यांच्याही फोनवर येत असे! म्हणजे पाणी कधी येणार हे सर्वेभाऊंना ठाऊक, आणि ज्या बाईच्या हातचं खायचं तिला सांगायची बंदी. बंदी घातली कुणी? त्यांनीच!

पहिल्यांदा मेसेज आला तेव्हा काकू त्यांना वाढत होत्या. सर्वेभाऊंनी हातातला घास ताटात ठेवला. त्यांनी काकूंकडे पाहिलं, भांड्याकडे पाहिलं, आणि चप्पल घालून सरळ बाहेर पडले. नंतर नंतर तेही जमेना. कधी फोन वाजला की नुसती मान खाली घालून बसत. आज पाणीच नाही असा मेसेज आला, की खोलीचं दार लावून घेत. आपण संशोधक आहोत, चोर नाही, असं ते स्वतःला बजावत. पण बजावणारा आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला होता.

सगळ्यात वाईट दिवस तो. काकूंची मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन पहिल्यांदाच राहायला यायची होती. घरात पाण्याचा टिपूस नव्हता. काकू सकाळीच बादल्या घेऊन वखारीमागे जाऊन बसल्या. उन्हं डोक्यावर आली. सर्वेभाऊंच्या फोनवर सकाळीच मेसेज आलेला: पाणी दिवेलागणीला. ते नळाजवळून गेले तेव्हा काकू बादली उपडी घालून तिच्यावर बसल्या होत्या आणि गुडघा चोळत होत्या.

"येईल ना रे आज पाणी?" काकूंनी विचारलं.

आता सांगावं! एक वाक्य! पण सहा महिन्यांतले चार उलटले होते, आणि हजारो वस्त्या डोळ्यांपुढे रिकामे हंडे घेऊन उभ्या राहिल्या.

"येईल काकू, नक्की येईल," सर्वेभाऊ म्हणाले.

"तुझ्या तोंडात साखर पडो!" काकू म्हणाल्या, आणि तिथेच बसून राहिल्या.

सर्वेभाऊ वळणापर्यंत कसेबसे चालले आणि पुढे धावत सुटले. इतकी लाज त्यांना परीक्षेत नापास होऊनही वाटली नव्हती. मुलगी आली तेव्हा बाळासाठी काढलेली दुपटी न धुता तशीच पडली होती. काकूंनी शेजारून उसनं पाणी आणलं आणि मुलीने "आई, तुला साधं पाणी भरून ठेवता येत नाही?" असं म्हटलेलं सर्वेभाऊंनी भिंतीआडून ऐकलं. त्यांनी उशी कानावर ओढली.

एवढं सगळं करून निकाल काय? दोन्ही ओळींच्या बादल्या सारख्या! आठवड्यामागून आठवडे, सारख्या!

मॅडमनी आकडे पाहिले आणि चष्मा काढून ठेवला. "एक तर तुमचा मेसेज कुचकामी आहे, नाहीतर कुठेतरी गळती आहे. गळती शोधा. मी स्वतः येते."

मॅडम आल्या. काकूंच्या दारासमोर खुर्ची टाकली गेली, दोन्ही ओळी जमल्या. काकू आत पाहुणीसाठी चहा टाकायला गेल्या. सर्वेभाऊंची पदवी टांगणीला लागलेली, तेव्हा त्यांनी वेळ न घालवता शिवणवाल्या ताईकडे बोट दाखवलं. "गुपित यांनीच फोडलं असणार. समोर बहीण राहते यांची!"

ताई ताडकन उभी राहिली. "मी फोडलं? अहो सर्वेभाऊ, धुण्याखाली बादली लपवून लपवून माझी कंबर मोडली! बहीण सुरुवातीलाच एकदा विचारायला आली, 'ताई, तुम्हाला कसं गं कळतं?' तर मी म्हटलं, मला काही माहीत नाही. तोंडावर खोटं बोलले तिच्या! तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. तुमच्या एका बटणापायी!"

बहीण खरंच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला तोंड फिरवून उभी होती. मॅडम सर्वेभाऊंकडे बघायला लागल्या. सर्वेभाऊंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

धरणी दुभंगली नाही. फोन वाजला.

मेसेज: पाणी सोडतोय. सर्वेभाऊंनी तो वाचला, आणि नको नको म्हणत असताना त्यांची नजर आत चहा गाळणाऱ्या काकूंकडे गेली. चेहरा पडला. मान खाली गेली. एवढंच. तोंडातून अक्षर नाही!

आणि उजवी ओळ उठली! एकही शब्द न बोलता, सगळीच्या सगळी! इस्त्रीवाल्याची बायको मागच्या दाराने, रंगारी कडेकडेने, शिवणवाल्या ताईची बहीणसुद्धा रुसवा सोडून. बघता बघता उजव्या ओळीत उरला तो हातात तापलेली इस्त्री असलेला इस्त्रीवाला. डावी ओळ आपल्या बादल्यांवर धुणंच रचत होती.

"यांना कुणी सांगितलं?" मॅडम ओरडल्या.

इस्त्रीवाल्याने इस्त्री आडवीची उभी केली. "यांनीच की."

"मी? मी कधी कुणाला काही सांगितलं?" सर्वेभाऊ किंचाळले.

"तोंडाने नाही हो, तोंडावरून! पहिल्या आठवड्यातच कळलं आम्हाला. फोन वाजून सर्वेभाऊंची मान खाली गेली, की थोड्या वेळात पाणी. चप्पल घालून पळाले, की पाणी आलंच! आणि दार लावून घेतलं, की समजायचं, आज काही येत नाही, आपापली कामं करा. एकदाही चुकलं नाही, मॅडम! वर सरकारी काम नाही, वीज गेली तरी चालू!"

मॅडमना हसू आवरेना, पण त्या मॅडम होत्या. त्यांनी ते खोकल्यात घातलं. "पण नळावर डाव्या ओळीने तुम्हाला पाहिलं असेल ना?"

"ते समजायचे आम्ही सकाळपासून ताटकळलोय."

"म्हणजे उजव्या ओळीतलं प्रत्येक घर..."

"एक सोडून," इस्त्रीवाला आवाज उतरवत म्हणाला आणि त्याने डोळ्यानेच आत दाखवलं. "काकूंना नाही सांगितलं आम्ही. काकू भोळ्या. यांना बोलून गेल्या असत्या, यांनी तोंड सांभाळलं असतं, आणि सगळ्यांचीच सोय बंद! एका घराचं नुकसान, पण ओळीचं भलं. सर्वेभाऊ असंच म्हणतात ना?"

सर्वेभाऊंना स्वतःचंच वाक्य असं कानशिलात बसेल अशी कल्पना नव्हती.

इतक्यात काकू चहा घेऊन बाहेर आल्या. रिकामी गल्ली त्यांनी पाहिलीच नाही. पाहिलं ते सर्वेभाऊंच्या तोंडाकडे. "परत उतरलं का रे तोंड? बाई, तुम्ही याला जरा सुट्टी द्या. फोन वाजला की पोराच्या पोटात कळ येते."

मॅडमनी चहा घेतला. मग सर्वेभाऊंच्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "अभिनंदन. तुमच्या तुलनेच्या गटात एक घर अगदी शुद्ध निघालं."

"काय म्हणाल्या रे बाई?" काकूंनी विचारलं.

"तुमचं घर... सगळ्यात चांगलं निघालं म्हणाल्या."

काकूंचा चेहरा असा काही फुलला, की सर्वेभाऊंना उभं राहवेना. त्यांनी काकूंच्या दोन्ही बादल्या उचलल्या आणि धूम ठोकली. मागून मॅडमची हाक आली, ती त्यांनी ऐकली नाही. पदवी गेली खड्ड्यात! आज या घरात पाणी गेलंच पाहिजे! वखारीमागे पोहोचले तर ही लांबलचक रांग. पुढे उजवी ओळ, मध्ये डावी ओळ, शेवटी संशोधक. "मला पुढे सोडा हो, काकूंसाठी आहे," म्हणून त्यांनी हात जोडले. रांगेतल्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या. कुणालाच नजर वर करवेना. शेवटी शिवणवाली ताई रांगेतून बाहेर आली आणि तिने त्यांना नळाखाली ढकललं. अर्धी बादली भरली, नळ दोनदा खोकला आणि गप्प झाला.

अर्धी बादली घेऊन सर्वेभाऊ परत आले. मॅडम निघून गेल्या होत्या. काकू उंबऱ्यावर बसल्या होत्या.

"आलं होतं होय पाणी!" काकू म्हणाल्या. "हे असंच होतं बघ. मला मेलीला कधी वेळेवर कळतच नाही."

सर्वेभाऊंनी बादली खाली ठेवली. "काकू, मला कळतं."

"काय कळतं?"

"पाणी कधी येणार ते. फोन वाजतो ना, तो त्याचाच असतो. पहिल्या दिवसापासून." आणि मग त्यांनी एका दमात सगळं सांगितलं: ओळी, मेसेज, बंदी, इस्त्रीवाला. ज्या दिवशी बाळ आलं तो दिवसही. सांगताना ते बादलीतल्या पाण्याकडे बघत होते, कारण काकूंकडे बघायची सोय उरली नव्हती.

काकूंनी बादली उंबऱ्याशी ओढून घेतली. वस्तीतलं एकेक घर पाणी घेऊन परत आलं, दारासमोरून जाताना पाऊल न वाजवता गेलं.

"म्हणजे," शेवटी काकू म्हणाल्या, "तुझं पोट बरं आहे?"

"हो काकू."

"आधीपासून?"

"आधीपासून."

काकूंनी गुडघ्यावर हात टेकला आणि त्या उठल्या. सर्वेभाऊ मान खाली घालून उभेच.

"मग मेल्या," काकू म्हणाल्या, "तुझ्या पोटाला सोसावं म्हणून मी चार महिने बिनतिखटाचं का जेवतेय?"