साळवेतात्या आणि सैल दोरी

साळवेतात्यांना जगात एकच गोष्ट सहन होत नसे: सैल दोरी. आमच्या अंगणातली कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा ते जाता-येता ओढून बघायचे. "सैल हाय," म्हणायचे आणि चहा निवेपर्यंत ती आवळत बसायचे. माझ्या बहिणीच्या लग्नात त्यांनी मांडवाच्या सगळ्या दोऱ्या नव्याने बांधल्या. नवरदेव दारात उभा, आणि तात्या खांबाला पाय लावून गाठ ओढतायत. लग्नानंतर मांडववाल्याला त्या दोऱ्या कोयत्याने तोडाव्या लागल्या.

तात्या वाहतूक हवालदार. सणसरला आमच्या शेजारी राहायचे, एकटेच. ड्यूटी बारामती-इंदापूर रस्त्यावर. पावती फाडण्यात त्यांना गोडी नव्हती. उसाची ट्रॉली, भाजीचा टेम्पो, टपावर खाट बांधलेली जीप, जे दिसेल ते थांबवायचं आणि भार पुन्हा बांधून द्यायचा. ओळखीचे ड्रायव्हर त्यांना लांबून बघूनच खाली उतरायचे आणि दोऱ्या ओढायला लागायचे. तुम्ही वाहतूक शाखेत आहात की हमालीत, असं साहेबांनी एकदा वैतागून विचारलंही होतं.

एकोणीसशे नव्वदनंतरची गोष्ट. शाळेत शिकवायला जाण्यासाठी मी फाट्यावर एसटीची वाट बघत होतो. फ्लॉवरच्या गोण्या भरलेला एक टेम्पो आला. तात्यांनी हात केला. ड्रायव्हर पंचविशीतला पोरगा. त्याने न मागता लायसन पुढं केलं, कागद पुढं केले. तात्यांनी ते बघितलेच नाहीत. त्यांची नजर मागच्या दोरीवर. पोरगा म्हणाला, मार्केट गाठायचंय, पुढं थांबून बांधतो.

"पुढं समदा फ्लॉवर रस्त्यावर सांडल्यावर व्हय?" असं म्हणेपर्यंत तात्या चाकावर पाय देऊन वर चढलेसुद्धा.

दोरी सोडून ते गोण्या सारख्या करायला लागले. खालच्या गोण्या फारच हलक्या लागल्या, आणि वासही फ्लॉवरचा नव्हता. तात्यांनी एकीचं तोंड उकललं, मूठभर वाळका पाला बाहेर काढला आणि मला विचारलं, "गुरुजी, ह्यो गांजा हाय का हो?" जणू मी शाळेत तोच विषय शिकवत होतो.

पोरगा पळाला नाही. रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसला.

मग साहेब आले, पंचनामा झाला, पंच म्हणून माझी सही झाली. तात्यांच्या तीक्ष्ण नजरेची गावभर तारीफ सुरू झाली. आपल्याला फक्त दोरी आवळायची होती, असं ते सत्काराच्या भाषणातही सांगत राहिले. लोकांना तो विनय वाटला.

केस रखडत गेली. मला साक्षीला बारामतीच्या कोर्टात बोलावलं, तोवर तात्या रिटायर झाले होते. कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली ते एका म्हातारीशेजारी बसलेले दिसले. ती त्या पोराची आई. भिगवणकडून एसटीने यायची, पोराला लांबून बघून परत जायची. तात्यांची साक्ष कधीच होऊन गेली होती, तरी ते दर तारखेला येत. तिला पाणी आणून देत, पोराला कुठल्या दारानं आणतील ते दाखवत, संध्याकाळी एसटीत बसवून देत. पोराला धरलं ते बरोबरच झालं, असं मला म्हणाले. पण म्हातारी एकटी यायची, ते त्यांना बघवत नव्हतं. ती आपल्याला कोर्टातला शिपाई समजते, असा त्यांचा समज होता.

दुपारी तिनं भाकरीचं फडकं सोडलं आणि एक भाकरी तात्यांच्या हातावर ठेवली. त्यांना ती मोडवेना. म्हणाले, "आक्का, तुमच्या पोराला म्या धरलंय."

"ठावं हाय मला," म्हातारी म्हणाली. "पयल्याच तारखेला वकिलानं दावलं हुतं तुमास्नी."

"मग कदी बोलला न्हाय?"

"तुमी बी एकटंच येता की," तिनं भाकरीवर कोरड्यास वाढलं. "जेवा."

तात्यांनी मान खाली घातली आणि भाकरी मोडली.